घोडीच्या तोंडून

मामाला सिनेमाची लिंक पाठवली ती त्याचा वेळ जावा म्हणून. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो घरात अडकला होता, टीव्हीवरच्या चर्चांना विटला होता. तरुणपणी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर त्याने घालवलेले रविवार हा तर आमच्या आजोळचा जुना, दबक्या आवाजात बोलायचा विषय. तेव्हा अमेरिकी दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९२५ सालचा ‘केंटकी प्राइड’ त्याला आवडेल असं मी गृहीत धरलं. घोड्यांचा मूकपट, सवातासाच्या आत आटोपणारा, भाषेची अडचण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. “अगं, खोटं आहे सगळं. पाय मोडलेली घोडी वाचत नसते.” एवढं बोलून तो फिजिओथेरपिस्टच्या नावाने खडे फोडायला लागला.

मी त्याला समजावायला गेले, की मामा, शंभर वर्षांपूर्वीचा मेलोड्रामा आहे, त्यात असं चालायचंच. पण मेलोड्रामाबद्दल त्याची तक्रारच नव्हती. मालक पत्त्यांत घोडे घालवतो, त्याची दुसरी बायको शेजाऱ्याच्या नादी लागते, लेक दुरावते, शेवटच्या शर्यतीत सगळं मार्गी लागतं, हे सगळं त्याने मुकाट पचवलं होतं. एवढंच काय, ही गोष्ट आपल्याला एक घोडी सांगते आहे हेही त्याला खटकलं नव्हतं. तो अडला फक्त पायापाशी. त्याचं ते ‘खोटं’ माझ्या डोक्यात रुतून बसलं, कारण मला त्या सिनेमात नेमकं काय खटकत होतं ते मला तोवर सांगता येत नव्हतं.

घोडीचं नाव व्हर्जिनियाज फ्युचर. मूकपटात मधूनमधून मजकुराच्या पाट्या येतात, त्या इथे बहुतेक तिच्या तोंडच्या. ‘मी’ म्हणजे घोडी. आपला जन्म, आपली आई, कुरणातले दिवस, आपल्या मालकाचा भाबडेपणा आणि त्याचे पत्ते, हे सगळं ती खानदानी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या सुरात सांगते. कल्पना तशी नवीन नव्हती. अ‍ॅना स्यूएलच्या ‘ब्लॅक ब्युटी’तला घोडा १८७७ पासून इंग्रजी वाचणाऱ्या पोरांना रडवत होताच. पण पडद्यावर त्याची गंमत वेगळी होते. शिंगरू उभं राहायला धडपडतंय, चारही पाय चार दिशांना, आईची जीभ त्याच्या पाठीवरून फिरतेय. हे कुठल्याही घोड्याला शिकवून करवता येत नाही, कॅमेरा लावून वाट बघावी लागते. आणि वाट बघून मिळालेल्या त्या शॉटला पाटीवरचं ‘मी’ चिकटतं तेव्हा आपण क्षणात विश्वास ठेवून मोकळे होतो.

फोर्डच्या खात्यात हा किरकोळ सिनेमा. आदल्याच वर्षी त्याने फॉक्स कंपनीसाठी ‘द आयर्न हॉर्स’ केला होता. अमेरिका खंड ओलांडणाऱ्या रेल्वेची ती अवाढव्य कहाणी, माणसांचे आणि जनावरांचे तांडे घेऊन केलेली. त्यानंतरचं हे छोटं काम. यात मोठा स्टार नाही. मालक मिस्टर बोमाँटच्या भूमिकेत हेन्री वॉल्थॉल, ज्याचा ऐन बहर दहा वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. घोडीला वाचवणारा ट्रेनर माइक डोनोव्हन म्हणजे फोर्डचा नेहमीचा जे. फॅरेल मॅकडोनाल्ड. माइकच्या पोराचं, डॅनीचं काम करणारा विन्स्टन मिलर पुढे लेखक झाला आणि वीस वर्षांनी त्याने फोर्डसाठीच ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ लिहिला. हे उगाच मधेच, पण मला अशा गोष्टी सांगायला आवडतात.

हात आखडते असले की सिनेमावाले सेट कमी बांधतात आणि आहे तिथे जाऊन शूटिंग करतात. त्याने या सिनेमाचं भलं झालं आहे. केंटकी राज्यातले घोड्यांच्या पैदाशीचे खरे स्टड फार्म, खरी कुरणं, पांढरी कुंपणं, आणि मुख्य म्हणजे खरे घोडे. मधेच गोष्ट थांबते आणि आपल्यासमोर एकेक नामांकित घोडा आणून उभा केला जातो. फेअर प्ले. द फिन, ज्याच्या पोराने, फ्लाइंग एबनीने, त्याच वर्षीची केंटकी डर्बी, अमेरिकेतली सगळ्यात मानाची शर्यत, मारली होती. फ्रेंच डर्बी जिंकून अमेरिकेत आलेला नेगोफोल. १९२२ च्या डर्बीचा विजेता मॉर्विच. आणि मॅन ओ’ वॉर, फेअर प्लेचाच मुलगा, २१ शर्यतींत २० जिंकलेला, तेव्हा आठ वर्षांचा. लोक त्याला बिग रेड म्हणायचे. कृष्णधवल फितीत तो तांबूस रंग उतरत नाही, पण मान वर करून तो ज्या तऱ्हेने कुठेतरी लांब बघतो त्यावरून कळतं की याला समोरच्या माणसांचं काही पडलेलं नाही. नटांचे हावभाव आज जुने वाटतात, बोमाँटबाईंचा मेकअप हसू आणतो. घोडे मात्र काल दुपारी शूट केल्यासारखे ताजे आहेत.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा शर्यतीच्या सिनेमांचं पीकच आलं. कॅलिफोर्नियात १९३३ मध्ये रेसवर पैसे लावणं कायदेशीर झालं, १९३४ च्या नाताळला सांता अनिताचं रेसकोर्स उघडलं, आणि हॉलिवूडमधल्या पॉव्हर्टी रो म्हणवणाऱ्या भागातल्या चिंधी कंपन्यांना घराजवळ आयती पार्श्वभूमी मिळाली. गर्दीचे, स्टँडचे, दौडीचे शॉट आधीच काढून ठेवलेले असत. तेच परत परत वापरायचे, मधे आपल्या नायकाचा दुर्बीण लावलेला चेहरा टाकायचा. गहाण पडलेली पागा, सावकाराची वाईट नजर, इमानदार पोरगा जॉकी आणि शेवटची शर्यत. आपल्याकडच्या जुन्या सिनेमातला गहाण वाडा काढून तिथे तबेला ठेवला की झालं. त्यातले बरेच मी पाहिलेत आणि बरेच विसरलेय.

मामाच्या पायाकडे परत यायचं तर तो म्हणतो ते बरोबरच आहे. सिनेमात व्हर्जिनियाज फ्युचर शर्यत मारता मारता पडते, पाय मोडतो, बोमाँटबाई तिला गोळी घालायला सांगतात आणि माइक तिला चोरून जगवतो. आता शर्यतीचा घोडा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलो वजन, तेही चार काटक्यांवर. घोड्याच्या पुढच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा आणि वर पातळ कातडं. रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे जखम भरत नाही, हाडाचे तुकडे कातडं फाडून बाहेर येतात. माणसासारखं त्याला महिनाभर निजवून ठेवता येत नाही. झोपून राहिला तर आतडी आणि फुप्फुसं बिघडतात. उभा राहिला तर सगळा भार उरलेल्या पायांवर येतो आणि चांगल्या पायाचं खूर आतून सुटायला लागतं. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेला बार्बारो पुढच्याच मोठ्या शर्यतीत उजवा मागचा पाय मोडून बसला. पट्टी आणि २७ स्क्रू घालून डॉक्टरांनी तो पाय जोडला, जगभरातून लोकांनी त्याच्यासाठी गाजरं आणि पत्रं पाठवली, आणि आठ महिन्यांनी तो गेला तो खुरांच्या दुखण्याने. म्हणून ट्रॅकवर घोडा पडला की पडदे धरतात, लोक दुसरीकडे बघतात, आणि पाचव्या रेसची घोषणा होते.

मामाने महालक्ष्मीला हे पाहिलंय. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. जिंकलेल्या पैशांबद्दलही बोलत नाही. ते बहुधा नव्हतेच. आमच्याकडे ‘तो रेसला जातो’ एवढं वाक्य पुरेसं असायचं, पुढे मुलीचं स्थळ मोडायला किंवा उसने पैसे नाकारायला दुसरं कारण लागायचं नाही. आजी त्याच्या शर्टाच्या खिशात रेसचं पुस्तक सापडलं की ते चुलीत न घालता तांदळाच्या डब्याखाली लपवायची, आजोबांच्या हाती लागू नये म्हणून. त्यामुळे मिस्टर बोमाँटचं घराणं, त्याचं दिलदारपण, हरल्यावरही ताठ राहणं, हे सिनेमा जितक्या मायेने दाखवतो तितकं मला ते पोचत नाही. पत्त्यांच्या एका डावात जनावरं उधळणारा माणूस आमच्या आजोळात नायक झालाच नसता. आजीने त्याला जेवायला वाढलं असतं, पण तोंड फिरवून.

पण घोडी त्याला माफ करते. तिने त्याच्यावर कधी रागवावं असं लिहिणाऱ्यांना वाटलंच नाही. ती पडली, पाय मोडला, मालकिणीने मारायला सांगितलं, मग एका परदेशी भंगारवाल्याच्या हाती लागून हाल झाले, आणि या सगळ्यातून तिला रुखरुख एकच, की आपल्या हातून ती शर्यत गेली. आता लेकीने तरी जिंकावं. मला खटकत होतं ते हे. माणसांना घोड्याच्या तोंडून जे ऐकायला बरं वाटेल तेच ही घोडी बोलते. आम्ही तुझ्यासाठी धावतो, तुझं नाव राखतो, पडलो तर तो आमचा दोष. चाबूक खाल्लेल्या जनावराने घराण्याच्या इभ्रतीची काळजी करावी ही कल्पना कुठल्या घोड्याला सुचेल असं वाटत नाही. मालकाला सुचते. आणि त्या भंगारवाल्याला परका, रांगडा, दुष्ट असं रंगवून सिनेमा मोकळा होतो. जणू घोड्याचे हाल तेवढ्या एका गाडीलाच होतात, रेसकोर्सवर नाही.

लेकीचं नाव कॉन्फेडरसी.

हे नाव पहिल्यांदा मी सरळ ओलांडून गेले होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी वेगळी झालेली दक्षिणेतली राज्यं, त्या फुटीर संघाचं नाव या गोड शिंगराला. केंटकी तर अधिकृतपणे त्या संघात गेलंही नव्हतं, ते उत्तरेच्या बाजूला राहिलं होतं. पण ते यादवी युद्ध संपून साठ वर्षं झाल्यावर जुने वाडे, जुने उमराव, जुने घोडे अशी एक हुरहूर विकायला निघाली होती, आणि तिच्यात केंटकी फिट बसत होतं. बोमाँट झालेला वॉल्थॉल म्हणजे १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मधला कर्नल, सिनेमात कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांची दहशती टोळी उभी करणारा तोच. १९२५ च्या अमेरिकन प्रेक्षकाला हा चेहरा बघून काय काय आठवत असेल ते समजायला फार डोकं चालवावं लागत नाही.

आणि ट्रेनर आयरिश, जॉकी पोरगा आयरिश. फोर्ड स्वतः आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, त्यामुळे त्याला ही माणसं जवळची, ते ठीक. पण केंटकीच्या पागेची गोष्ट सांगताना त्या पागेतला जाणता माणूस आयरिश दाखवायचा म्हणजे बरंच काही पुसावं लागतं. १७ मे १८७५ ला पहिली केंटकी डर्बी झाली तेव्हा १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या अ‍ॅरिस्टिडीस घोड्यावर ऑलिव्हर लुइस. त्याला तयार करणारा ट्रेनर अ‍ॅन्सेल विल्यमसन, गुलाम म्हणून जन्मलेला. आयझॅक मर्फीने ही शर्यत तीनदा मारली, १८८४, १८९० आणि १८९१ ला. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ लागोपाठ. मग पैसा वाढला, नाव वाढलं, आणि गोऱ्या जॉकींनी यांना कठड्यावर दाबून, चाबकाने मारून, मालकांना धमकावून बाहेर काढलं. विंकफील्ड रशियाला गेला आणि तिथे झारच्या राज्यात शर्यती जिंकू लागला. १९२१ नंतर डर्बीत पुन्हा कृष्णवर्णीय जॉकी दिसला तो थेट २००० साली. म्हणजे फोर्डचं युनिट केंटकीत कुरणं शूट करत होतं तेव्हा त्या माणसांची हकालपट्टी नुकतीच पुरी झाली होती. तबेल्यात ते होतेच. खरारा करायला, रात्री आजारी घोड्याजवळ बसायला, पहाटे दौड द्यायला. शर्यतीच्या दिवशी पाठीवर बसायला फक्त नव्हते.

सिनेमाची सुरुवातच मुळात एका केंटकीच्या घोडीपासून झाली आहे. जून १८७८, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. गव्हर्नर राहिलेला धनाढ्य लीलँड स्टॅनफर्ड आणि फोटोग्राफर मायब्रिज. ट्रॅकच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडलेले, जमिनीवरून आडवे दोरे, घोडी पळताना दोरा तुटतो आणि त्या कॅमेऱ्याचं झडप उघडतं. धावताना चारही पाय एकदम जमीन सोडतात का हा प्रश्न सुटला. सोडतात, पण चित्रकार दाखवत तसे पसरलेले नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. त्या फोटोंचं कार्ड छापून विकलं गेलं. मी ते मोठं करून पुन्हा पुन्हा पाहिलंय. काळीभोर आकृती, मागे आकडे घातलेली पांढरी भिंत, आणि खाली छापलेलं: घोडीचं नाव सॅली गार्डनर, मालकाचं नाव लीलँड स्टॅनफर्ड, वेग, ट्रॅक, १९ जूनची तारीख. मायब्रिजचं नाव तर ठळक आहेच. शेवटची चौकट सोडली तर प्रत्येकीत ओणवा झालेला, लगाम धरलेला जो माणूस आहे त्याचं नाव कार्डावर कुठेही नाही. नोंदींमध्ये शोधलं तर डॉम असं आडनाव आणि एक आद्याक्षर सापडतं.

सईस, जॉकी, दौड देणारी पोरं यांच्याबाबतीत आपलंही काही वेगळं नाही. पुण्याच्या रेसकोर्सवर हिवाळ्यात पहाटे चालायला गेलं की घोंगडी पांघरलेले घोडे वाफा सोडत फिरवले जात असतात. बघणारे घोड्याचं खानदान विचारतात, आणि सईसही कौतुकाने बाप, आई, आईचा बाप असं घडाघडा सांगतो. मराठी मुलखातल्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या कामात आहेत. एखाद्या पांडू खाडेंचं नाव जुने रेसवाले अजून कान पकडून घेतात. बाकीच्यांच्या नावांसाठी रेसच्या पुस्तकात रकानाच नसतो.

मॅन ओ’ वॉरला विल हार्बट नावाचा माणूस सांभाळायचा, १९३० पासून. म्हणजे सिनेमात दिसतो त्याच्या नंतरचा काळ. कृष्णवर्णीय, बोलण्यात पटाईत. घोडा बघायला येणाऱ्या हजारो लोकांना तो पागेच्या दारात उभा राहून घोड्याची सगळी कारकीर्द ऐकवायचा, एकेक शर्यत, कोण मागे पडलं, किती अंतराने. घोडा अगदी बाजूला कान टवकारून. लोकांना ते दोघं मिळून बघायचे असत. घोड्याच्या तोंडून बोलायला फोर्डच्या कंपनीला पाट्या लिहाव्या लागल्या. इथे घोड्याच्या वतीने बोलणारा माणूस होता आणि तो स्वतःचंही बोलायचा. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये हार्बट वारला. घोड्यांच्या मासिकात आलेल्या मृत्युलेखात लिहिलं होतं की त्याच्या मागे पत्नी, सहा मुलगे, तीन मुली आणि मॅन ओ’ वॉर असा परिवार आहे. महिन्याच्या आत, १ नोव्हेंबरला, घोडाही गेला. त्याची अंत्ययात्रा रेडिओवरून ऐकवली गेली.

त्या मृत्युलेखातलं वाक्य मला एकाच वेळी फार आवडतं आणि टोचतं. ज्याने लिहिलं त्याने प्रेमानेच लिहिलं असणार. नऊ पोरांना आपल्या बापाच्या बातमीत शेवटचा मान घोड्याला गेलेला कसा वाटला असेल, कोण जाणे. कदाचित त्यांनाही आवडलं असेल. आपल्याच बापाचं आयुष्य कशात गेलं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत.

आयझॅक मर्फीचं तर आणखी विचित्र आहे. १८९६ मध्ये तो गेला, लेक्सिंग्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत पुरला गेला आणि कालांतराने ती जागाच विस्मरणात गेली. १९६० च्या दशकात एका वार्ताहराने चिकाटीने ती शोधून काढली. मग मर्फीचे अवशेष उचलून सन्मानाने नव्या जागी नेले, १९६७ साली, ती जागा म्हणजे मॅन ओ’ वॉरच्या शेजारी. पुढे घोड्याला केंटकी हॉर्स पार्कमध्ये हलवलं तेव्हा मर्फीही बरोबर गेला. ज्या घोड्यावर तो कधी बसला नाही, जो त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी जन्मला, त्याच्याजवळ. त्याची बायको लूसी मात्र जुन्या दफनभूमीतच राहिली. हे ठरवणाऱ्यांना मर्फीचा मोठेपणा कळला होता हे मी नाकारत नाही. पण तो दाखवायला त्यांना शेजारी घोडा लागला.

‘केंटकी प्राइड’ आपल्याला बघायला मिळतो हेच नवल आहे. जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरीला फॉक्सच्या गोदामात आग लागली आणि त्यांच्या मूकपटांचा मोठा हिस्सा जळून गेला. त्या काळची नायट्रेटची ज्वालाग्राही फीत कडक उन्हाळ्यात आपोआप पेट घेऊ शकते. फोर्डचे स्वतःचे कितीतरी सिनेमे आज नाहीत. हा राहिला, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याची प्रत आहे, आणि २०२१ पासून अमेरिकेत त्यावर कुणाची मालकी उरलेली नाही.

परवा पुन्हा लावला. एवढं सगळं वाचून झाल्यावर, चष्मा पुसून, अगदी परीक्षकाच्या थाटात. बोमाँटचे पत्ते आले, मी नाक मुरडलं. शिंगरू उठायला धडपडलं, मी विरघळले. मॅन ओ’ वॉर आला तेव्हा त्याला कोण धरून आहे ते बघायचं असं ठरवलं होतं, आणि त्याने मान वळवली तशी मीही विसरले. शेवटच्या शर्यतीत डॅनी कॉन्फेडरसीच्या मानेवर ओणवा होतो, धुरळा उडतो, आणि ते नाव, तो इतिहास, तो पुसलेला तबेला, सगळं माहीत असूनही मी खुर्चीच्या काठावर येऊन मूठ आवळून बसले होते. घोडी जिंकली. मी टाळीसुद्धा वाजवली. याचा मला रागच आला, पण तो सिनेमावर काढण्यात अर्थ नाही. तुम्हाला बघायचा असेल तर खुशाल बघा, फक्त आवाज बंद करून. मी पाहिलेल्या प्रतीवर कुणीतरी एक पियानो चिकटवलाय, तो शर्यत असो की मरणप्रसंग, एकाच चालीत वाजत राहतो.